पाडव्याचं पान: श्रीखंड-पुरीचा बेत पहिल्यांदा घरी करताना

लग्नानंतरचा पहिला पाडवा, नोकरीमुळे नवीन शहरातला पहिला पाडवा, किंवा आजवर आईच सगळं करायची आणि यंदा जबाबदारी आपल्यावर आली असा पाडवा. अशा वेळी बहुतेक जण एकच चूक करतात: सगळं सणाच्या सकाळी करायला घेतात. गुढी सकाळी लवकर उभारायची, नैवेद्य दुपारच्या आत दाखवायचा, आणि मधल्या चार तासांत श्रीखंड, पुऱ्या, दोन भाज्या, वरण-भात, भजी, कुरडया. दुपारी दोन वाजता घरातले सगळे भुकेले आणि करणारी व्यक्ती रडकुंडीला आलेली.

पाडव्याचा स्वयंपाक खरं तर दोन रात्री आधी सुरू होतो. सणाच्या दिवशी गॅसवर फक्त कुकर, एक भाजी आणि पुऱ्यांची कढई एवढंच राहिलं पाहिजे. खालचा बेत चार माणसांसाठी आहे. वाटी म्हणजे घरातली आमटीची साधारण दीडशे मिलिलिटरची वाटी आणि चमचा म्हणजे चहाचा.

आधी बेत ठरवा, आणि तो लहान ठेवा

गोडाचा पदार्थ एकच करा. पुण्या-मुंबईकडे श्रीखंड-पुरी हा पाडव्याचा ठरलेला बेत. मराठवाड्यात, विदर्भात, देशावर कित्येक घरांत पुरणपोळीशिवाय पाडवा होत नाही. तुमच्या घरची पद्धत ठरलेली असेल तर प्रश्नच मिटला. निवडायची मुभा असेल तर पहिल्या वर्षी श्रीखंड निवडा, कारण त्याचं सगळं काम आदल्या दिवशी उरकतं. पुरणपोळीला हात बसावा लागतो आणि तो नेमका सणाच्या सकाळी बसत नाही.

माझं पान असं असतं: श्रीखंड, पुरी, बटाट्याची पिवळी भाजी, साधं वरण-भात-तूप-लिंबू, खमंग काकडी आणि कडुलिंबाची चटणी. यात कुरडया-पापड तळले तर उत्तम, नाही तळले तरी कुणी हिशेब मागत नाही.

दोन रात्री आधी: विरजण

एक लिटर म्हशीचं किंवा पूर्ण सायीचं दूध तापवून कोमट होऊ द्या. बोट बुडवलं तर सुखद ऊब लागावी, चटका बसू नये. गाईच्या दुधाचं दही चालतं, पण चक्का कमी पडतो आणि मऊसर राहतो. एक चमचा ताजं, आंबट नसलेलं दही दुधात नीट ढवळून विरजण लावा. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येतो. तेव्हा उकाडा सुरू झालेला असतो आणि पाच-सहा तासांत दही लागतं. रात्री दहाला विरजण लावून सकाळी नऊपर्यंत ओट्यावर ठेवलंत तर दही आंबटच होणार. त्यामुळे पहाटे उठल्यावर पहिल्यांदा दह्याकडे बघा. भांडं तिरकं केल्यावर दही हललं नाही की लगेच फ्रिजमध्ये टाका. श्रीखंडाची अर्धी चव इथेच ठरते. आंबट दह्याच्या श्रीखंडात कितीही साखर घातली तरी जिभेच्या कडेला आंबटपणा लागतोच.

आदल्या दिवशी: चक्का आणि श्रीखंड

धुतलेलं पातळ सुती फडकं दुहेरी करून चाळणीवर पसरा. जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं असेल तर छानच. दही त्यात ओता, कडा गोळा करून घट्ट गाठ मारा. पूर्वी ही पुरचुंडी खुंटीला किंवा नळाला टांगत. थंडीत आजही टांगा, पण चैत्रात बाहेर टांगलेलं दही संध्याकाळपर्यंत फसफसायला लागतं. चाळणी एका पातेल्यावर ठेवा, पुरचुंडीवर ताटली आणि त्यावर खलबत्ता किंवा पाण्याने भरलेला तांब्या ठेवा, आणि सगळा संसार फ्रिजमध्ये सरकवा. आठ ते दहा तास लागतात.

खाली जमलेलं पाणी टाकू नका. त्यात कढी करता येते, थालीपिठाची भाजणी भिजवता येते. पुरीच्या कणकेत मात्र घालू नका, पुरी आंबूस लागते.

चक्का झाला की नाही हे फडकं उघडल्यावर कळतं. तो फडक्यापासून स्वच्छ सुटतो, कडेला फडक्याच्या विणीचे ठसे उमटलेले असतात आणि मधोमध बोट दाबलं तर पाणी न सुटता खळगा तसाच राहतो. मधला भाग अजून ओलसर वाटला तर पुरचुंडी सोडून चक्का खालीवर करा आणि आणखी दोन तास ठेवा. ओल्या चक्क्याचं श्रीखंड पुरीवरून ओघळतं आणि त्यावर मागाहून काही उपाय नाही. लिटरभर दुधाचा साधारण चारशे ग्रॅम चक्का निघतो.

आता साखर. जुन्या मापाने चक्का आणि साखर वजनाला सारखी घेत. आज एवढं गोड फारसं कुणाला झेपत नाही. चारशे ग्रॅम चक्क्याला तीनशे ग्रॅम साखर घ्या. त्याहून कमी केली तर ते गोड दही होतं, श्रीखंड होत नाही, असं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. साखर घरीच मिक्सरवर बारीक करा. विकतच्या पिठीसाखरेत पुष्कळदा कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं आणि त्याची पिठूळ चव शेवटपर्यंत जाणवते.

साखर चक्क्यात हाताने कालवा आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. सुरुवातीला मिश्रण एकदम सैल होईल. नवखी माणसं इथे घाबरतात आणि पुन्हा फडक्यात बांधायला निघतात. तसं करू नका. साखर विरघळताना पाणी सुटल्यासारखं वाटतं, फ्रिजमध्ये रात्रभर राहिलं की श्रीखंड पुन्हा आळून येतं.

मग गाळायचं. पुरणयंत्र असेल तर त्याची सगळ्यात बारीक जाळी लावा. नसेल तर पुरणाची चाळणी किंवा पिठाची बारीक स्टीलची चाळणी उलट्या वाटीने घासत चालवा. दहा मिनिटांत दंड भरून येतात, पण गुठळ्या मोडून जो रेशमी पोत येतो तो यातूनच. मिक्सर किंवा हँड ब्लेंडरचा मोह टाळा. जोरात फिरवलं की श्रीखंड पातळ होतं आणि तसंच राहतं.

शेवटी वास आणि रंग. केशराच्या पंधरा-वीस काड्या मंद आचेवरच्या कोरड्या कढल्यात क्षणभर गरम करा, बोटांनी चुरा आणि एक मोठा चमचा कोमट दुधात भिजू द्या. दूध गडद केशरी झालं की श्रीखंडात घाला. अर्धा चमचा वेलचीपूड आणि किसणीवर दोन-तीनदा फिरवलेलं जायफळ घाला, याहून जास्त नको. जायफळ जास्त झालं तर जेवणानंतर सगळं घर झोपतं, असं म्हणतात. तसंही श्रीखंड-पुरीनंतर कोण जागं राहतं? चिमूटभर मीठही घाला. वरून चारोळी आणि बदाम-पिस्त्याचे काप. झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. श्रीखंड दुसऱ्या दिवशीच खरं लागतं.

हे सगळं जमणार नसेल तर डेअरीतून तयार चक्का आणा. पाडव्याच्या आदल्या दिवशी डेअरीपुढे रांगा लागतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा. घेताना वास घ्या, जमलं तर कणभर चाखा. आंबट लागला तर मुकाट्याने परत द्या. परदेशात असाल तर पूर्ण फॅटचं, बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट फडक्यात बांधून दोन-तीन तास ठेवलं की पुष्कळसं जमून जातं.

आदल्या रात्री आणखी तीन कामं उरका: बटाटे उकडून ठेवा, नारळ खवून ठेवा आणि चटणीसाठी दोन चमचे हरभऱ्याची डाळ भिजत घाला. बटाटे रात्री उकडण्यामागे कारण आहे. गार, मुरलेल्या बटाट्याच्या फोडी स्वच्छ पडतात. गरम बटाटा परतताना मोडून त्याचा लगदा होतो.

सणाच्या सकाळी: कडुलिंब पहिला

गुढीला बांधायला आणलेल्या डहाळीतूनच पानं घ्या, पण डहाळी नीट पाहून घ्या. बकाण नावाचं झाड दुरून कडुलिंबासारखं दिसतं आणि ते विषारी असतं. कडुलिंबाच्या एका सरळ देठाला दोन्ही बाजूंना विळ्यासारखी वाकडी, दातेरी पानं असतात. बकाणाच्या देठाला आधी उपफांद्या फुटतात आणि पानं त्यांना लागतात. फुलं आली असतील तर काम आणखी सोपं: कडुलिंबाची पांढरी, बकाणाची जांभळट. रस्त्याकडेच्या झाडाची पानं असतील तर दोन-तीन पाण्यांनी धुवा.

तांबूस, कोवळी दहा-बारा पानं, असतील तर चमचाभर फुलं, भिजवलेली डाळ, मोठा चमचाभर गूळ, चमचाभर चिंचेचा कोळ, पाव चमचा ओवा, चार मिरी, चिमूटभर हिंग आणि मीठ एकत्र वाटा. प्रत्येकाला बोराएवढी गोळी पुरते. जून, गडद हिरवी पानं घेतली तर ती गोळी गुळाच्या ढेपेबरोबरही घशाखाली उतरणार नाही. तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना ही चटणी आमच्याकडे देत नाहीत. त्यांनी गुळाचा खडा खावा.

कुकर, भाजी, काकडी

इथे एक अडचण सांगून ठेवतो. पुष्कळ घरांत नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखत नाहीत. रोजच्या स्वयंपाकात आपण मीठ जिभेवर ठेवून ठरवतो, त्या दिवशी ते मापाने घालावं लागतं. म्हणून नवख्यांनी या दिवशी तरी अंदाजपंचे घालू नये. अर्धा किलो बटाट्यांना सपाट एक चमचा मीठ, पाऊण वाटी तुरीच्या डाळीच्या वरणालाही तेवढंच. कमी पडलं तर पानात वाढलेलं मीठ आहेच.

कुकरच्या एका भांड्यात पाऊण वाटी तूरडाळ, दोन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि दोन थेंब तेल; दुसऱ्यात दीड वाटी धुऊन निथळलेले तांदूळ आणि दुप्पट पाणी. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी घ्या. हे तांदूळ जरा चिकट असतात, त्यामुळे वाटीने पाडलेली मूद ढासळत नाही. बासमतीची मूद वाढतानाच भुगा होते. डाळ शिजली की घोटा, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाला, एक उकळी काढा. फोडणी नको. याला फोडणी दिली की ती आमटी झाली, आणि नैवेद्याच्या भातावर साधं वरणच हवं.

भाजीला कांदा-लसूण घालायचा नाही. दोन मोठे चमचे तेल तापवा, अर्धा चमचा मोहरी टाका आणि ती तडतडून शांत होईपर्यंत थांबा. नवख्यांची मोहरी नेहमी कच्ची राहते, कारण पहिल्या तडतडीलाच घाई होते. मग पाव चमचा हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, इंचभर आल्याचा कीस. गॅस बारीक करून अर्धा चमचा हळद घाला आणि लगेच बटाट्याच्या फोडी, म्हणजे हळद करपत नाही. मीठ, चमचाभर साखर घाला, झाकण ठेवून एक वाफ काढा. खाली उतरवून अर्ध्या लिंबाचा रस, ओलं खोबरं, कोथिंबीर. लिंबू गॅसवर असताना पिळू नका, कडवटपणा येतो.

श्रीखंडाच्या जोडीला दह्यातली कोशिंबीर नको वाटते, म्हणून खमंग काकडी. दोन काकड्या चोचवून घ्या, हलक्या हाताने पिळा, त्यात दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू आणि चिमूटभर साखर घाला. वर तूप-जिरं-मिरचीची फोडणी. मीठ अगदी पान वाढताना घाला, नाहीतर वाटीत पाणीच पाणी होतं.

पुऱ्या

पुरीला लोक भितात, पण पुरी फुगण्यामागे जादू नाही. गरम तेलात पडताच कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि ती दोन पापुद्र्यांच्या मध्ये अडकते. म्हणजे तीनच गोष्टी सांभाळायच्या: कणीक घट्ट, लाटणं एकसारखं, तेल पुरेसं तापलेलं.

तीन वाट्या कणकेत दोन मोठे चमचे बारीक रवा, अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर साखर घाला. साखरेने रंग छान येतो. एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन घालून पिठाला चोळा. पाणी थोडं थोडं घालत घट्ट मळा, पोळीच्या कणकेपेक्षा निश्चित घट्ट. झाकून वीस मिनिटं ठेवा, त्याहून फार नाही. तासभर पडून राहिली तर कणीक सैलावते आणि पुऱ्या तेल पितात. म्हणून कणीक भिजवायची ती भाजी-वरण झाल्यावर, नैवेद्याच्या अर्धा तास आधी.

लिंबाएवढ्या लाट्या करा. लाटताना पोळपाटाला पिठाऐवजी तेलाचं बोट लावा. पीठ लावलं तर ते कढईत गळून जळतं आणि पाच पुऱ्यांनंतर तेल काळं पडतं. पुरी फार पातळ लाटू नका, आणि कडेला पातळ, मध्ये जाड असं तर अजिबात नको. लाटलेल्या पुऱ्या एकावर एक रचू नका. ओल्या फडक्याखाली सुट्या पसरा.

तेल तापलं का हे पाहायला कणकेचा हरभऱ्याएवढा गोळा सोडा. तो तळाशी बसून राहिला तर थांबा, लगेच वर येऊन तरंगला तर सुरू करा, वर येता येता तांबडा झाला तर गॅस कमी करा. पुरी कढईच्या कडेने सरकवत सोडा. ती वर येऊ लागली की झाऱ्याची पाठ हलकेच दाबा आणि दोन झारे तेल तिच्यावर उडवा. टम्म फुगली की एकदाच उलटा, पाच-सात सेकंदांनी काढून चाळणीत उभी ठेवा. कागदावर आडवी टाकलेली पुरी खालून मऊ पडते. पहिली पुरी फुगली नाही तर मनाला लावून घेऊ नका, ती करणाऱ्याने स्वयंपाकघरातच संपवायची असते. पण नैवेद्य झाल्यावर.

दुसरी-तिसरीही बसली तर कारण शोधा. पुरी चपटी पण कडक होत असेल तर ती फार पातळ लाटली गेली आहे. तेलकट आणि मऊ होत असेल तर तेल गार आहे किंवा कणीक सैल. एकाच बाजूला फुगत असेल तर लाटणं असमान आहे.

पान वाढणं

जेवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, कडुलिंबाची चटणी, काकडी. उजवीकडे भाजी, आणि श्रीखंडाची वाटी. मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप, खाली पुऱ्या. घरोघरी यात थोडा फरक असतो. सासरची पद्धत वेगळी असेल तर आधी विचारून घ्या, पानावर बसल्यावर वाद नको.

घरी पुरणपोळीच हवी असेल तर

पुरण आदल्या दिवशी करून ठेवा. एक वाटी हरभरा डाळ कुकरला मऊ शिजवा, वरचं पाणी म्हणजे कट निथळून घ्या. डाळ आणि वाटीभर चिरलेला गूळ एकत्र शिजवत राहा, मिश्रणात उलथनं उभं राहीपर्यंत. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की दळणं म्हणजे व्यायाम. वेलची-जायफळ घाला. पोळीची कणीक पुरीच्या अगदी उलट: सैल, भरपूर तेल लावून तिंबलेली आणि निदान दोन तास मुरलेली. कणकेच्या गोळीपेक्षा पुरणाचा गोळा मोठा घ्या, तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाटा. फुटत असेल तर बहुतेक वेळा पुरण सैल राहिलेलं असतं. कटाची आमटी गोडा मसाला, चिंच-गूळ आणि भाजलेल्या खोबऱ्या-जिऱ्याचं वाटण घालून करा. ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, म्हणून मुद्दाम जास्त करा.

उरलेलं

श्रीखंड फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतं, फक्त दर वेळी कोरडा चमचा घाला. हापूस बाजारात आला असेल तर उरलेल्या श्रीखंडात आटवून गार केलेला आंब्याचा रस कालवा, आम्रखंड तयार. कच्चा रस घातला तर ते पातळ होतं. पुऱ्या दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संपतात, आणि गुढीची साखरेची गाठी मुलं तुमच्या आधी शोधून काढतातच.